आत्तीचा गवती चहा

प्रिय आत्ती,

आज सकाळी तुझं गवती चहाचं बेट मुळासकट खणून काढलं. रागावू नकोस, सगळं सांगते. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून हात धुतले आणि लगेच लिहायला बसले.

किती कामाला लावलं होतंस ग त्या गवताला! आलं घालून चहात तर रोजच. मला सर्दी झाली की पातेल्यात उकळायचीस, डोक्यावर चादर टाकून वाफ घ्यायला बसवायचीस आणि मी पुरे म्हटलं की मुद्दाम आणखी थोडा वेळ दाबून धरायचीस. भवानी पेठेत कुणी बाळंत झालं की अंघोळीच्या पाण्यासाठी जुडी आपल्याच परसातून जायची. आई गेल्यावर तू मला इथं आणलंस, तेव्हा पहिल्या दिवशी माझ्या केसांनासुद्धा त्याचाच वास लावलास.

पण नुसती पानं कुणाला दिली नाहीस. विळ्यानं बुंध्याशी कापायचीस आणि वर मुळासकट एक कोंब हातात ठेवायचीस. "लाव की घरी. किती दिस मागत फिरशील?" मला वाटायचं, येणाऱ्याला घालवतेस. लोक तरीही येतच राहिले. गवतासाठी थोडेच येत होते!

तू गेलीस आणि मी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. माडीवरच्या पद्माक्का एकदा विळा घेऊन आल्या. लई वाढलंय, कापू का, म्हणाल्या. मी चक्क नको म्हटलं, तेही तुटकपणे. तुझ्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं ना! रोज पाणी घालत होते. पानं पिवळी पडली तेव्हा दुप्पट घातलं.

शेवटी काल मीच पद्माक्कांना बोलावलं. त्यांनी बेट हातानं फाकवून दाखवलं. मधला सगळा गड्डा कुजलेला.

"आत्ती कापायच्या म्हणून जगत होतं ते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी पानं न्यायला नव्हते आले, बाई."

मला इतकी लाज वाटली! आणि तुझा रागही आला. वाफ कशी घ्यायची ते शिकवलंस, मग हे का नाही सांगितलंस? पण तू दर महिन्याला माझ्यासमोरच तर कापत होतीस. मी चहाच्या कपाकडे बघत होते.

कडेचे तीन कोंब हिरवे निघाले. दोन नव्या मातीत लावलेत. तिसरा जिना चढून पद्माक्कांना देऊन आले. माझे दोन्ही वाळले, तर त्यांचा तरी राहील.

शब्द देते, आत्ती. जगले तर दर महिन्याला विळा लावीन. जिवावर आलं तरी लावीन.

तुझीच,
सुमी