पोरींच्या नावचा पहारा

जुळे सोलापूर, ५ ऑगस्ट २०२५

चि. अभिमन्यूस मुक्ताआक्काचे अ. उ. आ.

फोन केला की तू तुझ्या आमदारांचंच कौतुक लावतोस, म्हणून कागदावर लिहिते. तुझी लेक ऋतुजा राहते त्या सरकारी वसतिगृहात परवा एक दारुडा भिंतीवरून उडी टाकून आला. पोरींचा जीव अर्धा झाला. दुसऱ्या दिवशी तुझे साहेब आले. सुरक्षेचा सरकारी निधी आणतो, गणपतीच्या आत दोन पहारेकरी उभे करतो म्हणाले आणि चहा पिऊन गेले. आता मी रोज फिरायला निघाले की त्या फाटकात डोकावणार. बघूच की!

लोभ आहेच, तुझ्या साहेबांवर तेवढा नाही.
मुक्ताआक्का

माळशिरस, २० ऑगस्ट

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुझं तोंड लई तिखट बघ. साहेबांनी निधी मंजूर करून आणलाय. मी चौकात आभाराचा फ्लेक्सही लावला, माझ्या फोटोसकट. पहारेकरी तेवढे यायचे राहिलेत. नाहीच आले, तर मात्र ऋतुजाचं नर्सिंग बास. दसऱ्याला घरी आणतो; टेंभुर्णीचं स्थळ खोळंबलंय.

माया असू द्यावी.
अभिमन्यू

जुळे सोलापूर, २ सप्टेंबर

चि. अभिमन्यूस अ. उ. आ.

बाजारात तुरी, आणि तू फ्लेक्स लावून मोकळा! गणपतीच्या आदल्या दिवशी पहारेकरी आले खरे. नारळ फुटला, मीच दोघांना कुंकू लावलं, फोटो झाले. मग साहेब गाडीत बसले आणि हे दोघं मागच्या गाडीत! मी रिक्षा करून साहेबांच्या बंगल्यावर गेले, तर हे दोघं तिथं फाटकावर उभे. म्हणे साहेबांच्या जिवाला धोका आहे. कुणापासून रे, नर्सिंगच्या पोरींपासून?

ऋतुजा रडतेय, तू शिक्षण सोडवशील म्हणून. शेवटचं वर्ष आहे तिचं. साहेबानं शब्द मोडायचा आणि पोरीनं पुस्तक मिटायचं, हा कुठला न्याय?

रागावले तरी आशीर्वाद आहेतच.
मुक्ताआक्का

माळशिरस, ९ सप्टेंबर

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुला न कळवता काल सोलापुरात येऊन गेलो. साहेबांना जाब विचारायचा होता. पण रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शाल-नारळ घेतला. त्याच दोघांनी फाटकावर अडवलं. वसतिगृहाचं काम म्हटल्यावर म्हणाले, त्या कामाला येणाऱ्यांना आत सोडायचं नाही असा हुकूम आहे. शाल-नारळ ठेवून घेतला आणि मला हाकललं.

लाज वाटली गं आक्का. ऋतुजाला तुझ्या घरी ने, तिथून शिकू दे. टेंभुर्णीला नकार कळवलाय. तिला म्हणावं, तुझ्या बापानं इतकी वर्षं भलत्याचीच राखण केली.

जमलं तर लोभ ठेव.
अभिमन्यू