एकोणीस नावांना एकोणीस दारं

सोमवार, ३
हिंडून हिंडून पायांचे तुकडे पडले, पण चार दारं मिळाली!

मंडईच्या शेडमध्ये एकोणीस कुटुंबं पडून आहेत. वरच्या रस्त्यावरची तिमजली इमारत धोकादायक ठरवून रिकामी केली, तिथली ही माणसं. आता दोन महिने होतील. नगर कार्यालयाने नव्या खोल्यांसाठी अर्ज मागवलेत, आणि अर्जात पहिला रकाना काय, तर ‘सध्याचा पत्ता’. शेडला नंबरच नाही. म्हणजे ज्याला घर नाही त्याने घर मागायचं नाही! खिडकीवर जाऊन विचारलं. कारकून म्हणाला, “मार्फत पत्ता चालेल. पण घरवाल्याची लेखी संमती हवी, पत्रपेटीवर अर्जदाराचं नाव हवं, आणि एका दाराला एकच अर्ज. वीस तारखेच्या आत.”

बस्स, मला एवढंच हवं होतं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण त्याआधी बत्तीस वर्षं याच गल्ल्यांत टपाल वाटलंय. कुठलं दार कुठल्या वेळी उघडतं, कोण आधी खेकसतं आणि मग पाणी विचारतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

हिला सांगितलं. म्हणाली, “चांगलं आहे. पण आपलं दार सोडून बोला.” कमाल आहे या बाईची.

बुधवार, ५
नऊ. शिंप्याने कागद वाचलासुद्धा नाही — “तुम्ही आणलाय ना, मग द्या इकडे” — आणि सही ठोकली. मास्तरीणबाई मात्र बत्तीस वर्षं रजिस्टर पत्रही दाराची साखळी न काढता फटीतून घेत आल्या. आज साखळी काढली! आत बसवलं, चहा दिला, आणि वर मलाच दम, “एवढ्या उशिरा का आलात? मला वाटलं माझं दार वगळलंत.” खाली उतरताना पायऱ्या मोजायची जुनी सवयही विसरलो.

शनिवार, ८
सतरा. आज इस्त्रीवालीचं काम झालं, जीव भांड्यात पडला. नवरा नाही, लेक दहावीत. शेडच्या कडेला टेबल मांडून इस्त्री करते, तिथेच पोरगी टेबलाकडे पाठ करून अभ्यासाला बसते. खोली मिळाली नाही तर पोरीला मामाकडे धाडायचं ठरलंय, तिकडे जवळपास शाळा नाही. “काका, ती गेली की संपलं तिचं शिक्षण,” म्हणाली. तिला चौदा नंबरच्या घराचं मागचं दार दिलं. पुढच्या दाराला गवंड्याचं कुटुंब आधीच लावलंय.

रविवार, ९
एकोणीस!! पुरी झाली! वाण्याने रंगाचा डबा पाठवला, कोणी ब्रश आणले, आणि दुपारभर गल्लीत पेट्यांवर नावं लिहिण्याचा कार्यक्रम. एकाचं नाव पेटीवर मावेना, तर घरवाल्याने आपलंच आडनाव खरवडून जागा केली. “माझं सगळ्यांना माहीत आहे,” म्हणे. माझ्या टपालाच्या बीटवरची माणसं आहेत ही. ऊर भरून आला, उगाच कशाला लपवू?

मास्तरीणबाईंनी विचारलं, “तुमच्या पेटीवर कोण?” म्हटलं, एकोणीस होती, एकोणीस लागली. हसून वेळ मारून नेली. बरं नाही वाटलं.

गुरुवार, १३
सगळे अर्ज दिले. आज फक्त झोपणार.

सोमवार, १७
अठरा अर्ज दाखल करून घेतले. एक परत. इस्त्रीवालीचा.

माझी चूक. निव्वळ माझी. चौदा नंबरला मागचं दार आहे, मी वर्षानुवर्षं तिथे वेगळं टपाल टाकत आलो. पण कागदावर त्या दाराला नंबर नाही! ते फक्त माझ्या डोक्यात वेगळं घर. कार्यालयाच्या लेखी एकाच दाराचे दोन अर्ज झाले, दुसरा बाद. मोठा आलाय दारं ओळखणारा.

तिला सांगायला गेलो. इस्त्री उभी करून ठेवली, म्हणाली, “असू द्या काका, तुम्ही एवढं केलंत.” चार शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. पोरीने वहीतून डोकं वर काढलं नाही.

मंगळवार, १८
उरलेली सगळी दारं ठोठावली. दोघे परगावी, तिघांच्या घरमालकांची मनाई, एकाने तोंडावर आपटलं. उरलं एकच — आमचं.

हिच्यासमोर बसलो. म्हटलं, तुझ्या पाया पडू का? ही म्हणाली, “पाया पडू नका, उत्तर द्या. उद्या तिचं आपल्याशी बिनसलं, तोंड बघू नये इतकं बिनसलं, आणि तिचं पत्र आलं. तर घ्यायचं?”
“घ्यायचं.”
“वर्षभर खोली नाही मिळाली तर?”
“वर्षभर घ्यायचं.”
“तसं लिहून द्या.”
आणि खरंच कागद पुढे केला! संसाराच्या छत्तिसाव्या वर्षी बायकोला संमतीपत्र लिहून दिलं. घडी घालून कपाटात ठेवलं तिने.

बुधवार, १९
आमच्या पेटीवर इस्त्रीवालीचं नाव. हिने लिहिलं, आमच्या नावाच्या वर. माझ्याआधी चप्पल घालून खिडकीवर ही उभी! कारकून ‘उद्या या’ म्हणाला, तर म्हणाली, “मी इथे बसते, तुम्ही उद्या करा.” दहा मिनिटांत शिक्का. शेडमध्ये टाळ्या पडल्या, सगळ्या हिच्यासाठी. इतका अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नव्हता.

शुक्रवार, २१
कपड्यांच्या घड्या करत होती. सहज विचारलं, एवढी का अडून बसली होतीस?

मान वर न करता बोलली. लग्नाआधी दोन वर्षं ही आणि हिची आई एका दुकानाच्या मागे झोपायच्या. मला आजवर माहीत नव्हतं. एका बाईने पत्ता वापरायला दिला होता. पुढे भांडण झालं. नर्सिंगच्या शाळेतून प्रवेशाचं पत्र आलं, तेव्हा त्या बाईने दारातूनच सांगितलं, अशी कोणी इथे राहत नाही. पत्र परत गेलं. ही चौकशीला पोचली तोवर जागा भरलेली. तिथे हिला ते पाकीट दाखवलं, वर शेरा, ‘या पत्त्यावर राहत नाही’.

“शेऱ्याखाली पोस्टमनची सही होती,” ही म्हणाली. “कोणाची, ते लग्नानंतर कळलं.”