किनाऱ्याची रेघ

६ ऑक्टोबर २००३

पोचले एकदाची. फोंडाघाट उतरताना कानात दडे बसले, आणि खाली आल्यावर कुणीतरी ओला पंचा तोंडावर टाकल्यासारखी हवा लागली. तरी बरं वाटलं. कोल्हापुरातला छापखाना बंद पडल्यापासून भावाच्या घरी पाहुणी होऊन राहणं नको झालं होतं. इथे पगार कमी आहे, पण खोली माझी आहे.

खोली कावळेखोलला. मालवणच्या बाजारापासून रिक्षाने थोडं लांब. दोन बाजूंना काळे खडक, मधे ओंजळीएवढी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, माडांखाली कोळ्यांची दहाबारा घरं. मागे चढण आणि वर उघडा सडा, नुसतं कातळाचं पठार. घरमालकीण प्रेमलताकाकी एकटीच राहते. नवरा गेला, मुलगा गोव्यात हॉटेलात आहे. बाजारात मासळी विकते. मी बॅग ठेवते न ठेवते तोच म्हणाली, "घाटावरसून इलंस मा, मगे आदी जेव. काम खंय पळान जाता?" बांगड्याचं तिखलं आणि भात. मी दोनदा घेतला.

छापखाना फॉस्टिनबाबांचा. साठीचे, गळ्यात क्रूस, शर्टाच्या खिशात लाल पेन. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, चर्चच्या फेस्ताची पत्रकं. कॉम्प्युटरच्या खोलीत एसी आहे, आणि खिडकीतून नारळ सोलणाऱ्या बायका दिसतात. आता इथेच टिकायचं. पुन्हा कुठे शोधाशोध करायचं त्राण नाही.

१३ ऑक्टोबर

पर्यटनवाल्या एका समितीचं फोल्डर आलंय. चार रंगी, घडीचं, आत पूर्ण पानभर नकाशा: विजयदुर्गापासून रेडीपर्यंतचा सगळा किनारा. माझ्या आधीच्या ऑपरेटरने मोठ्या नकाशावरून तो गिरवलाय. प्रत्येक खाडी, प्रत्येक खडक, रेघेला हजारो बारीक कोपरे. पोरगं हौशी असणार.

बघायला सुंदर. छापायला दिलं की प्रिंटर अर्ध्यावर थांबतो आणि कोऱ्या कागदावर इंग्रजीत एक ओळ टाकतो: लिमिटचेक. पीडीएफ करायला घेतली तरी तेच. पोस्टस्क्रिप्टची, म्हणजे प्रिंटरला समजणाऱ्या भाषेची, ही जुनी रड मला पाठ आहे. यंत्र एक रेघ एका दमात उचलतं. रेघेला कोपरे फार झाले की त्याला ती पेलवत नाही, आणि ते सगळं पानच टाकून देतं.

१६ ऑक्टोबर

नेहमीचं सगळं करून झालं. फॉन्ट बदलले. फोटो वगळून पाहिले. गोलाईची सफाई कमी केली. प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. मग पान अर्धं अर्धं करून छापलं, म्हणजे कुठे अडतंय ते कळतं. अडतंय किनाऱ्यावरच. एरवी लांब रेघ तोडून तुकडे करतात, पण इथे समुद्रात निळा रंग भरलाय. रेघ तुटली तर निळा जमिनीवर सांडतो.

राहिला एकच उपाय, कोपरे कमी करायचे. कावळेखोलच्या समोर समुद्रात एक खडक काढलेला होता, नखाएवढा, पण त्यालाच शेकड्याने कोपरे. उडवला. पान सर्रकन बाहेर आलं. फॉस्टिनबाबांनी चहा मागवला.

१८ ऑक्टोबर

आज दुपारी शेजारचा बाबली होडी किनाऱ्यावर ओढून आमच्या खळ्यात, अंगणात, आला आणि नुसता बसून राहिला. त्याचा भागीदार लवू हसत होता. बाबली म्हणत होता, बगळ्याचा खडक सापडला नाही. देवळाचा कळस आणि सड्यावरचा वड एका ओळीत धरले, नेहमीच्या जागी गेलो, तर खाली नुसतं पाणी.

काकी म्हणाली, "रातची उतराक नाय हा तुझी." बाबली चिडला. "माझ्या बापाशीची जाळी त्या खडकार फाटली. माका खडक वळकाक येना नाय?"

मी माझं ताट उचलून आत गेले. बगळ्याचा खडक. मी उडवलेल्या खडकाचं नकाशात नाव तेच होतं.

योगायोग असणार. पाठ फार दुखतेय.

२८ ऑक्टोबर

दिवाळीत भावाकडे गेले नाही. काकीबरोबर पोहे खाल्ले.

पीडीएफ कोल्हापूरला छपाईची फिल्म काढायला गेली होती, ती परत आली. तिथलं यंत्र जुनं, त्याला आणखी कमी कोपरे हवेत. फिल्मवाल्यांकडे परशुराम आहे, जुन्या छापखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. तो फोनवर म्हणाला, ताई, थोडं अजून हलकं करून पाठवा.

नकाशात कावळेखोलशेजारच्या आडखाडीचं तोंड फार वेडंवाकडं होतं. तिथली रेघ सरळ ओढली, खाडी बंद करून टाकली. फोल्डर घेऊन खाडी शोधायला कोण जातंय? छापून पाहिलं, निघालं. फाइल पाठवली.

३० ऑक्टोबर

आडखाडीचं तोंड वाळूने बुजलं.

सकाळी इथल्या होड्या खाडीतून बाहेर गेल्या तेव्हा वाट होती. दुपारी परतल्या तेव्हा नव्हती. लाटा वाळूवर फुटत होत्या. बाबलीची होडी आडवी झाली. बाबली पोहत आला. लवू आला नाही.

लोक म्हणतात, वाळू सरकते, पूर्वीही सरकली होती. काकी लवूच्या बायकोजवळ जाऊन बसली आहे. मी चूल पेटवली आणि भात लावायचा विसरले.

१ नोव्हेंबर

लवू सापडला. रेडीकडे.

छापखान्यात जाऊन जुनी फाइल उघडली. खडक परत जागेवर ठेवला. खाडीचं तोंड उघडलं. छापायला दिलं. लिमिटचेक. पुन्हा दिलं. लिमिटचेक. दिवसभर तेच. कागदावर उतरल्याशिवाय काही परत येत नाही, आणि कागदावर उतरत नाही.

एक मार्ग आहे. दुसरीकडचे कोपरे कमी करायचे. वरती देवगडच्या बाजूला एक टोक आहे, निर्जन दिसतं. माउस त्याच्यावर नेला. मग वाटलं, माझ्या नकाशात घरं कुठे आहेत? कावळेखोलसुद्धा त्यात निर्जनच दिसतं.

मशीन बंद केलं. हात धुतले.

४ नोव्हेंबर

फॉस्टिनबाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हसायला सुरुवात केली, मग माझ्याकडे बघून थांबले. एरवी ऑफिसात शुद्ध बोलतात. आज खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "अगो योगिनी, दर्यो काय नकशो बघून चलता? तू दमलंस. चार दिस घरी ऱ्हव."

मी म्हणाले, हे काम समितीला परत करा, फोल्डर छापू नका. ते म्हणाले, समिती डिसेंबरात वाटणार आहे, शब्द दिलाय. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

खरंच दमलेय. लवूबद्दल विचार करायला बसते आणि डोळा लागतो. याची लाज वाटते.

७ नोव्हेंबर

घरीच. काकीबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलली. तिला म्हटलं, मुलाकडे गोव्याला चार दिवस जाऊन ये ना. म्हणाली, पाप्लेटाचे दिवस आहेत, आता कोण जातं. मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

१० नोव्हेंबर

आज छापखान्यात गेले आणि नकाशाची फाइल पुसून टाकली. प्रतीसुद्धा. फॉस्टिनबाबांना तसं सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. ते हळूच म्हणाले, काही बिघडलं नाही, तुझी पीडीएफ तिथे पुन्हा अडली, म्हणून मूळ फाइलची सीडी परवाच कोल्हापूरला गेलीय. परशुराम म्हणाला, ताईंना त्रास नको, कोपरे मीच इथे कमी करतो.

परशुराम काय करेल ते मला ठाऊक आहे. संध्याकाळी बायको वाट बघत असते, शेवटची बस असते. मीही तेच केलं असतं.

फोन लावला. जेवायला गेलाय. पुन्हा लावला. लाइन लागेना.

११ नोव्हेंबर

सकाळपासून फोन. एंगेज.

काकी बाजारात. बरं आहे. बाजार किनाऱ्यापासून आत आहे — किती आत?

११, दुपार

परशुरामचाच फोन आला. खूश होता. निघालं म्हणाला, एकदाचं, एकही एरर नाही. मी विचारलं, काय काढलंस? म्हणाला, काढलं काहीच नाही ताई, किनारा सरळ केला. सगळा. एकाच बटणात.

मी काय बोलले आठवत नाही. फॉस्टिनबाबांच्या हातात रिसीव्हर दिला. रिक्षा —

काकी बाजारातून घरी परतली होती. मासे खारवत होती. हात धरून ओढलं. "माका खंय व्हरतंस गो? ह्या सुक्याक कावळे लागतले." तरी आली. बाबली आला. म्हाताऱ्या, पोरं, सगळ्यांना ओरडून बाहेर काढलं. शिव्या देत सगळे सड्यावर आले.

वरती बसलोय. वही पिशवीत होती म्हणून लिहितेय.

लाट नाही. वारा नाही. पुळण सरळ होतेय. दोरी दोन्ही टोकांनी हळूहळू ताणावी तशी. खडक आत आले. माड — पडत नाहीत. उभेच आहेत, आणि मग नाहीत. आवाज नाही.

बाबली गुडघ्यावर बसलाय. काकी खाली बोट दाखवतेय. तिचं घर आत्ता

काकीने माझा हात धरलाय. म्हणते, वर आसंव मा आपण. वर पाणी येवचा नाय.

पाणी नाहीच आहे हे. ती सरळ रेघ आहे, आत येतेय. सड्याची कड सरकली. वड होता तिथे —

नकाशात उंची नसते. एवढी वर्षं मी हेच काम करतेय आणि आत्ता कळतंय, रेघेला वर-खाली काही

काकी, ऊठ, मागे, अजून मा