मुंजाबाची घोंगडी

औरंगाबाद

माननीय न्यायाधीश महोदयांस सादर प्रणाम.

प्रकरण आपल्यापुढे असताना असे खासगी पत्र लिहिणे गैर आहे. म्हणून हे टपालात पडणार नाही. उद्या कोर्टात जे बोलायचे, ते येथे नीट मांडून पाहतो.

चराईच्या भांडणात एकाचे डोके फोडणाऱ्या मुंजाबाला आपण तुरुंगाऐवजी परिवीक्षेवर सोडलेत आणि देखरेख माझ्याकडे दिलीत. दरमहा माझ्याकडे हजेरी द्यायची आणि परवानगीवाचून फुलंब्री तालुका सोडायचा नाही, ही अट होती. मेंढपाळ दिवाळीनंतर चाऱ्यामागे फिरतो, गावात राहत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

या हजेरीला त्याची बायको बानाबाई आली. तिने माझ्या टेबलावर घोंगडी ठेवली.

"मेंढरं उपाशी मरत व्हती, साहेब. त्ये गंगंकाठी गेलेत. ही घ्या त्यांची हजेरी."

"बाई, हजेरी माणसाची लागते."

"ह्या थंडीत घोंगडी ठिवून कुणी पळून जातं व्हय? तुमी तुमचा कोट ठिवून जाऊन दावा की!"

शिपाई हसला. मी हसलो नाही, कारण बाईचे म्हणणे बिनतोड होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, तारण ओळखतो.

अटीचा भंग झाला, हे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. त्याला तुरुंगात न पाठवता अट बदलावी, हजेरी मी मेंढरांच्या तळावर जाऊन घेईन, हेही लिहिले आहे. आपण मान्य कराल, याची मला खात्री आहे.

निकाल लागताच मी गोदाकाठी, म्हणजे बानाबाईच्या गंगंकाठी, निघेन. घोंगडी पोचवायची आहे; थंडी वाढली आहे.

आपला विश्वासू,
बद्रीनाथ वाघचौरे
परिवीक्षा अधिकारी