आपल्या तालुक्याचा इतिहास आणि एक बाद मत

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर हल्ली जेवढी परवानगी देते, तेवढाच वाकून).

तुमचे गुडघे कसे आहेत? पत्राचं उत्तर तुम्ही कधी देत नाही, मामी देतात, आणि त्यात तुमच्यापेक्षा तुमचे गुडघेच जास्त असतात. इकडे सगळे मजेत. आईचा आवाज अजून खणखणीत आहे. बाबा दुपारी बुद्धिबळाचा पट मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळतात. तुमच्या बाजूने खेळताना थोडे रडीचे डाव खेळतात, असं आईचं म्हणणं.

पत्राला कारण असं की निवृत्त झाल्यापासून घरात माझी लुडबूड फार वाढली आणि हिने मला वाचनालयात पिटाळलं. तिथल्या ग्रंथपालबाईंनी आपल्या तालुक्यातल्या निवडणुकांचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. मला वाटलं, चार पानांत आटपेल. दोनशे बारा झाली आहेत! जिंकलेल्यांना काहीच आठवत नाही, आणि हरलेल्यांना त्या दिवशी वारा कुठून वाहत होता तेही आठवतं.

अगदी पहिल्या निवडणुकीत एकच उमेदवार होता, लोहार. अर्ज मित्रांनी परस्पर भरलेला. बिनविरोध निवडून आल्याचं कळताच तो सासऱ्यांच्या माळ्यावर जाऊन लपला, आणि तालुका चार महिने प्रतिनिधीविना (सगळे म्हणतात, उत्तम) चालला. पुढे एकाला खुर्ची हे चिन्ह मिळालं. मतदान केंद्रात विरोधकाचा प्रचार नको, म्हणून समोरच्या उमेदवाराने तिथल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या. अधिकारी सकाळपासून उभे. मतमोजणी त्यांनी शेवटी सतरंजीवर लवंडून केली, आणि त्या निकालाबद्दल आजवर कोणाचीही तक्रार नाही.

मग तुमची निवडणूक. तुमचं चिन्ह शिडी, समोर औषधवाले. तुम्हाला आठवतच असेल, केंद्राशेजारच्या पाण्याच्या टाकीवर रंगारी चढला होता आणि नियम म्हणून खालून त्याची शिडी काढून नेली. बिचारा मतदान संपेपर्यंत वरून ओरडत होता. तुम्ही एका मताने हरलात, तेव्हा ते हुकलेलं मत रंगाऱ्याचंच असं अर्धा तालुका अजून मानतो. मी त्याला गाठून विचारलं. तो औषधवाल्यांना मत देणार होता. म्हणजे शिडी काढली नसती तर तुम्ही दोन मतांनी हरला असता. एवढं समाधान मानून घ्यावं.

पण तुम्ही रंगाऱ्याला कधीच दोष दिला नाहीत. मोजणीच्या टेबलावर तुमचे प्रतिनिधी म्हणून बाबा बसले होते. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा पडला, ते मान खाली घालून बसले, ते तुम्ही पाहिलंत. मेहुण्यानेच दगा दिला, असं ठरवून तुम्ही एकतीस वर्षं आमचा उंबरा ओलांडला नाहीत. आईने त्या काळात बाबांना किती टोचून बोलून घेतलं ते मी ऐकलंय. बाबा एका शब्दानेही बोलले नाहीत.

असो. पुस्तक छापून तयार आहे. पुढच्या रविवारी वाचनालयात छोटासा समारंभ आहे. जमलं तर या, नाही जमलं तरी आमचा राग नाही. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. औषधवाल्यांनी तुमच्या गुडघ्यांसाठी मलम दिलंय. चोळून बघा. माणूस वाईट नाही.

ता. क. २. खरं तर पत्र या ता. क. साठीच लिहिलं. इतिहासासाठी जुन्या नोंदी चाळताना त्या मोजणीतल्या बाद मतांची यादी सापडली. एकूण अठ्ठावीस. एकोणिसाव्या मतापुढे लिहिलंय : 'शिक्का शिडीवर, स्पष्ट. खाली मतदाराची सही व तारीख. ओळख पटते, सबब बाद.' मामा, मी तेव्हा नोंदणी कार्यालयात नवा कारकून होतो. दिवसाला दोनशे कागदांवर शिक्का मारून खाली सही ठोकायचो. आवक क्रमांक टाकला नाही, हेच नशीब. यादी बाबांपुढे धरली. बाबा पटावरून नजर न उचलता म्हणाले, "अरे, त्या सहीची शेपटी मीच तुला शिकवली होती. ओळखणार नाही?" तुमचा राग पोराऐवजी आपल्यावर निघालेला बरा, असं त्यांनी तिथेच ठरवलं. मला फार लाज वाटली आणि बाबांचा फार अभिमान वाटला.

(माझं मत धरलं असतं तरी बरोबरीच झाली असती आणि चिठ्ठी टाकावी लागली असती. लहानपणी भांडी कोणी घासायची याच्या चिठ्ठ्यांत दर वेळी तुमचंच नाव निघायचं, असं आई सांगते. पण हा काही बचाव नव्हे.)

ता. क. ३. रविवारी या. समारंभाला नाही आलात तरी चालेल, घरी या. बाबांनी पटावर तुमची बाजू मांडून ठेवली आहे आणि खेळी तुमची आहे, असं ते सकाळपासून म्हणताहेत. वरचा सगळा मजकूर खरा आहे म्हणून खाली शेपटीसकट सही आणि तारीख टाकतो आहे. या कागदावर तरी ती चालते.