केशवरावांचा डबा

पांढुर्णा, ८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
मालतीचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे मी बरी आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन लावायची तुझी तयारी नाही, म्हणून पत्र. अश्विनी नागपूरहून फोनवर हसते. म्हणते, आई, पोस्ट ऑफिस तर तुम्ही दोघंच चालवून राहिले.

शेजारच्या कलाबाई दिवाळीनंतर गेल्या, हे कळवलंच होतं. तेरवी आटोपली आणि वीरेंद्र पुण्याला परत गेला. बापाला सोबत चला म्हणाला, पण केशवराव जागचे हलले नाहीत. संत्र्याचा बगीचा ठेक्याने दिलेला आहे, त्यांना कशाची ददात नाही. पण माणसाने जन्मात कधी गॅस पेटवला नाही. चहात बिस्किटं बुडवून खाऊन राहिले होते. मला पाहवेना. आता रोज दुपारी मी त्यांना डबा नेऊन देते. दोन भाकरी, भाजी, तुरीचं वरण. पहिल्या दिवशी दारात खूप वेळ उभे राहिले, मग घेतला. संध्याकाळी डबा घासूनपुसून परत आला.

कलाबाई चांगल्या होत्या, पण इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून असताना आपल्या घरचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. केशवराव तर आपल्या अंगणातही आले नाहीत. त्यांनी डबा घेतला तेव्हा मला बरं वाटलं. तुझ्यापाशी खोटं काहून बोलू?

वहिनीला जयभीम. माया आहे तशीच राहू दे.
तुझी, मालती


सौंसर, १७ डिसेंबर २०२४

चि. मालतीस,
शालिकरामचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इकडे थंडी कडक आहे. शेवटच्या वेचणीचा कापूस अजून लोकांच्या घरात पडून आहे. तुझ्या वहिनीचं गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे. आता ती ते मोठ्याने गाते, कारण मला ऐकू येत नाही.

डबा देतेस ते चांगलं करतेस. पण तुला बरं वाटलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. तू भुकेल्या माणसाला जेवू घालून राहिली, की त्या घराला धडा शिकवून राहिली? दोन्ही असेल तरी माझी हरकत नाही. फक्त कोणतं किती आहे ते आपलं आपल्याला माहीत असावं. भाजीत तिखट कमी टाक. तुझ्या हातचं तिखट म्हाताऱ्या माणसाला सोसणार नाही.

तब्येत सांभाळ आणि आमची आठवण ठेव.
तुझा, दादा


पांढुर्णा, २८ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सविनय जयभीम.

डबा बंद केला आहे. कारण सांगते.

परवा भाजी आणायला गेले होते. बस स्टँडच्या मागे केशवराव दिसले. हातात माझा डबा. तिथे छाया नावाची एक बाई प्लास्टिकच्या बाटल्या वेचते. त्यांनी डबा तिच्या हातात दिला. तिने सगळं आपल्या भांड्यात ओतून घेतलं आणि केशवरावांनी नळावर डबा धुतला. मी रसवंतीच्या आडोशाला उभी होते. छायाने त्यांना काही विचारलंही नाही, म्हणजे हे रोजचंच होतं.

आपल्या घरचं अन्न चालत नाही, तर घेतलं काहून? तोंडावर नाही म्हटलं असतं तर मी एक दिवस रडले असते आणि विसरले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डब्याची वाट पाहत आपल्या दारात येऊन उभे राहिले. मी पडदा ओढून घेतला. अश्विनी म्हणते, त्यांना सरळ विचार. मी विचारणार नाही.

जास्त काय लिहू. लोभ ठेव.
मालती


सौंसर, ६ जानेवारी २०२५

चि. मालतीस,
आशीर्वाद.

तुझ्या जागी मी असतो तर मीही डबा बंद केला असता. ऑफिसात माझा ग्लास वेगळा ठेवत, ते तू लहान असताना ऐकलं आहेस. म्हणून केशवरावांची बाजू घेऊन मी काही लिहिणार नाही.

पण त्या बाईने तुझं काय बिघडवलं? तुझ्या हातची भाकरी कोणी तरी खातच होतं. ती आता काय खाते, एवढं एकदा पाहून ये.

जपून राहा.
दादा


पांढुर्णा, १९ जानेवारी २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच सगळं घडलं. सकाळी केशवरावांच्या घरातून करपल्याचा वास आला आणि मागोमाग त्यांची हाक. मी धावत गेले. भात शिजवायचं गंज जमिनीवर पालथं पडलेलं, उकळती पेज उजव्या हातावर सांडलेली, आणि ते नळाखाली हात धरून उभे. ऑटो करून त्यांना दवाखान्यात नेलं. पट्टी झाली.

परत येताना ऑटोत ते आपणहून बोलले. छायाची आई अंथरुणाला खिळलेली आहे. डबा बंद झाल्यावर छाया रोज त्यांच्या दाराशी येऊन विचारायची, आज बाईंचा डबा आला का? तिला काय सांगावं ते त्यांना कळेना. म्हणून स्वतःच भात रांधायला गेले.

मग मी विचारलं की तुम्ही काहून जेवत नव्हते. म्हणाले, पहिल्या दिवशी घासच तोंडाकडे गेला नाही, खोटं नाही सांगत. घरात जे चालत आलं होतं तेच हाताला ठाऊक. परत करायचीही लाज वाटली, म्हणून डबा घेऊन बस स्टँडकडे चालू लागलो. पुढे पुढे तुमच्या वांग्याच्या भाजीचा वास आला की भूक लागायची. पण तोवर छाया वाट पाहायला लागली होती. तिला कोणत्या तोंडाने सांगू की आता मलेच भूक लागते?

असू द्या, असं मी म्हटलं नाही. ते म्हणावंसं वाटलं नाही. छायाचा डबा मी वेगळा सुरू केला आहे, तो ती माझ्याकडूनच घेऊन जाते. केशवरावांना मात्र सांगितलं की डबा घरी येणार नाही. जेवायचं असेल तर माझ्या घरी येऊन बसा.

बरेच दिवस आले नाहीत. मीही बोलवायला गेले नाही. काल भर दुपारी, समोरच्या घरची माणसं ओट्यावर ऊन खात बसली असताना, ते रस्त्याने सरळ आले. दारात चपला काढल्या आणि खुर्चीवर बसले. डाव्या हातात चमचा धरून जेवले. भाजी दुसऱ्यांदा मागितली. आणि मग म्हणाले, मालतीबाई, मीठ थोडं कमी आहे.

दादा, इतक्या दिवसांत माझ्या स्वयंपाकाला त्या घरातून कोणी नावं ठेवली नव्हती. मी मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

वहिनीच्या गुडघ्याला तेल लाव, आणि मला विसरू नको.
तुझी, मालती