पत्र्यातून आत आलेला सूर्य

प्रिय आई,

आज अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. तुझ्याशिवायची पहिली. मी माहेरी आलेय. नानांनी सकाळीच तुझ्या नावाची घागर भरली, तिच्यावर डांगर, पिकलं खरबूज, ठेवलं आणि मला म्हणाले, पान तू वाढ. तिथेच सगळी गडबड झाली. आता जेवणं आटोपून नाना ओट्यावर लवंडलेत, बाहेर लिंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरी किंचाळतायत, आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून तुला पत्र लिहितेय. तू होतीस तोवर तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. फोन होता ना हाताशी!

झालं असं. पान मी अगदी मन लावून वाढलं. खापरावरची पोळी, कुरडई, भजी, आमटी, भात. (पोळी शेजारच्या काकूंनी करून दिली. तुझ्यासारखी हातावर वाढवून उलट्या खापरावर टाकणं मला या जन्मात जमायचं नाही. हसू नकोस.) आणि वाटीभर आमरस. पितरांच्या पानावर रस नाही तर आखाजी कसली? पण नानांनी ती वाटी उचलली आणि बाजूला सरकवली.

"तठे रस नको ठेऊ. तिले चालस नही."

मी म्हटलं, "नाना, आता काय चालत नाही? उष्ण पडायला अंग तरी राहिलंय का तिला?"

"उष्ण नही व. तिनी आंबा सोडेल व्हता. तुन्हासाठे."

आई, अगं काय हे! इतकी वर्षं मला वाटत होतं की तुला आंबा मानवत नाही. दर आखाजीला तू रस करायचीस, गाळायचीस, आमच्या वाट्या भरायचीस, आणि स्वतः पोळी दुधाशी खायचीस. मी आग्रह केला की म्हणायचीस, "माले नही मानवत, तोंड येस." आणि मी विश्वास ठेवला. कोय चोखायला सुद्धा तू घ्यायची नाहीस, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती की नाही?

नानांनी निखाऱ्यावर तूप आणि पानातला घास टाकून आगारी दिली, रसाशिवायच. मग तिथेच बसून मला सगळं सांगितलं. थोडं मला माहीत होतं. थोडं अजिबात नव्हतं.

माहीत होतं ते ग्रहणाचं. मी तुझ्या पोटात होते आणि सकाळचं मोठं सूर्यग्रहण आलं. आजीनं तुला मागच्या पत्र्याच्या खोलीत घातलं. दार लावलं, खिडकीला गोधडी ठोकली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. उजेडाचा एक कण आत जायला नको! तू बाजेवर सरळ पडून राहायचं, चिरायचं नाही, शिवायचं नाही, कूस बदलायची नाही. आजी बाहेर माळ ओढत बसली.

आता बघ, आजीनं सगळं बुजवलं, पण पत्रा विसरली. पत्रा जुना, खिळे निघालेला, आणि प्रत्येक खिळ्याच्या जागी एक भोक. ती भोकं रोजचीच होती. रोज त्यातून उन्हाच्या गोल टिकल्या जमिनीवर पडायच्या, त्यांच्याकडे कोण बघतंय? पण त्या दिवशी खोलीत काळोख, आणि त्या काळोखात टिकल्या बदलायला लागल्या. गोलाला कोणीतरी एका बाजूनं चावा घेतला. मग आणखी मोठा. शेवटी जमिनीवर, भिंतीवर, बाजेवर नुसत्या चंद्रकोरीच चंद्रकोरी! आणि त्यातल्या काही तुझ्या पोटावर.

म्हणजे आजीनं जे बाहेर ठेवायचं म्हणून एवढा आटापिटा केला, तेच तिनं अंधार करून आणखी ठसठशीत आत घेतलं. दार उघडं असतं तर त्या कोरी फिकट पडल्या असत्या, तुझ्या लक्षातही आल्या नसत्या. आहे की नाही गंमत?

तुला मात्र गंमत वाटली नसणार. नाना सांगत होते, तू पदरानं त्या कोरी पुसायला गेलीस तर त्या पदरावर चढल्या. हातानं झाकायला गेलीस तर हातावर येऊन बसल्या. त्यांना वजन नाही, ऊब जेमतेम. तू आजीला हाक मारली नाहीस. का गं? ओरडेल म्हणून? की, खरं सांग, बघत राहावंसं वाटलं म्हणून? मला हे दुसरं कारणच खरं वाटतं. मी तुला ओळखत नाही का!

कारण उजेडाच्या बाबतीत तू आमच्या घरातली सगळ्यात चौकस बाई. मी लहान असताना कंदील मालवलास की मलाच विचारायचीस, "बठ्ठा उजेड कथा गया व?" मी काय सांगणार? मी पलंगाखाली बघायचे. सोनगीरहून आणलेल्या तांब्याच्या घंगाळात तू नाणं टाकायचीस, मला मागे मागे सरकवायचीस, नाणं दिसेनासं झालं की हळूच पाणी ओतायचीस. आणि नाणं वर यायचं! "ते हाललं नाही, तू हालली नाही, मंग कोण हाललं?" असं तू विचारायचीस.

धुळ्याच्या एसटीत तर तुझी कमाल. उन्हाळ्यात महामार्गावर पुढे पाणी चमकताना दिसलं की कंडक्टरला विचारायचीस, "भाऊ, पुढे पाऊस झाला का?" तो म्हणायचा, "अक्का, वैशाखात कुठला पाऊस?" तरी सोनगीर येईपर्यंत तू काचेला नाक लावून बसायचीस, ते पाणी पळतंय कसं ते बघत. मी पुढे शिकून तुला सांगितलं, की तापलेल्या डांबरावरची हवा पातळ होते, उजेड त्यातून येताना वाकतो, आणि आपल्याला खाली दिसतं ते खरं तर आभाळ असतं. मग म्हणालीस, "म्हणजे आभाळ रस्त्यावर पडेल व्हतं, आन मी पाणी समजनू." आणि खूश झालीस! तुला चुकल्याचं दुःख कधी नसायचं.

तर आता माहीत नव्हतं ते. मी दुसरीत असताना मला फळ्यावरचं दिसेना. धुळ्याला नेलं, डोळे तपासले, जाडजूड चष्मा लागला. घरी येऊन नानांना म्हणालीस, पोटावर ग्रहण पडलं ते पोरीच्या डोळ्यांत उतरलं. आणि त्याच वर्षी आपल्या कानबाई देवीपुढे नवस बोललीस, पोरीचा नंबर थांबू दे, मी आंबा तोंडात घालणार नाही.

आई, नानांचा चष्मा तुला दिसला नाही का गं? लग्नातल्या फोटोतही त्यांच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या काचा आहेत! त्यांचा डोळा जरासा लांबट, म्हणून माझाही लांबट, म्हणून चित्र आतल्या पडद्यावर पोचायच्या आधीच जुळून जातं. एवढंच. ग्रहणाचा काय संबंध? मी रोज धुळ्याच्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना हेच समजावते. तुलाही समजावलं असतं. तुझे डोळे तपासले तेव्हा त्या खुर्चीवर बसून तू मला किती प्रश्न विचारलेस! "काच एवढी जाड, मंग उजेड अडकत कसा नही?" बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि तुझं आपलं चालूच. आणि हा एकच प्रश्न तेवढा विचारला नाहीस?

असं मी आज रागारागानं नानांना म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला आठवलं, आई. तू विचारला होतास.

मी नुकतीच शिकून आले होते, दुकानात अजून लागले नव्हते. आपण दोघी त्या मागच्या खोलीत मिरच्या निवडत होतो. तू वर पत्र्याकडे बोट केलंस. "भोक शे वाकडं, मंग टिकली गोल कशी पडस?" मी शहाणपणाचा आव आणून सांगितलं. उजेड सरळ चालतो, वळण घेत नाही. सूर्याच्या वरच्या कडेचा उजेड भोकातून खाली येतो, खालच्या कडेचा वर जातो. बारीक भोकातून सूर्याचं उलटं चित्रच उतरतं. ही टिकली भोकाची नाही, आई, सूर्याची आहे. तो गोल, म्हणून ही गोल.

तुझे हात थांबले. "आन सूर्यच कोरेल व्हई ते?"

"तर टिकली पण कोरलेली दिसेल. चित्रच ना ते. चित्रानं काय होतंय?"

उठून चहा टाकायला गेलीस. मला वाटलं, कंटाळलीस.

मी नानांना हे सांगितलं, तर ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, त्या दिवशी तू त्यांना सगळं नीट समजावलंस. हातात चाळणी घेऊन, तिच्या भोकांतून ऊन पाडून! मग त्यांनी तुला विचारलं, आता तर खा आंबा. तर तू काय म्हणालीस?

"उजेडनं ती सांगस ते खरं शे. पन नंबर थांबना ना?"

आता तुझ्याशी भांडू तरी कशी? नंबर थांबला कारण माझी वाढ थांबली, डोळाही वाढायचा थांबला. सगळ्यांचाच साधारण त्याच वयात थांबतो, बाई! पण तू कशाला रिस्क घेतेस. एका बाजूला प्रकाशाचं अख्खं शास्त्र, दुसऱ्या बाजूला लेकीचे डोळे. तू शास्त्र समजून घेतलंस, खरं मानलंस, नवऱ्याला शिकवलंस, आणि आंबा काही खाल्ला नाहीस. मला हसू येतंय आणि रडू पण येतंय. पत्रावर ठिपके पडलेत, ते तुझ्या पत्र्यातले नाहीत, माझेच आहेत.

आणखी एक गोष्ट तुला कळवायची राहिलीय. मला दिवस गेलेत. आणि या पावसाळ्यात सूर्यग्रहण आहे. ऐकलंस? सासूबाई आतापासूनच म्हणतायत, त्या दिवशी रजा टाक, आपण खोलीला जाड पडदे लावू. चांगल्या आहेत गं त्या, काळजीनंच बोलतात. पण काल रात्रीपर्यंत मी त्यांच्याशी वाद घालायच्या तयारीत होते, आणि खोटं कशाला बोलू, आतून जराशी घाबरलेही होते. शिकलेल्या बाईला भीती वाटत नाही असं थोडंच आहे? हात आपोआप पोटावर जातो.

आज मात्र एक गोष्ट सुचली. डोळा म्हणजे तरी काय? एक अंधारी खोली आणि तिला एक भोक. आजीनं तुला त्या दिवशी, नकळत, एका मोठ्या डोळ्यात बसवलं होतं. बाहेर सूर्याचं काय चाललंय ते गावात कोणीच बघितलं नाही, सगळे दारं लावून बसले होते. बघितलं फक्त तू, जिनं मुळीच बघायचं नव्हतं तिनं. आणि तुझ्यासोबत मी होते. मग मी भिऊ कशाला? माझ्यावर ते एकदा पडून गेलंय, तुझ्या पोटाच्या आतल्या बाजूनं.

तर आई, माझा शब्द घे. ग्रहणाच्या दिवशी मी इथे येणार. नाना तो पत्रा बदलायचा म्हणतायत, त्यांना आजच बजावलंय, आत्ता हात लावायचा नाही. मी दार लावणार, खिडकीला गोधडी ठोकणार, सगळं आजीसारखं. भीतीनं नाही, अंधारात चित्र स्वच्छ दिसतं म्हणून. सासूबाईंनाही घेऊन येईन, त्यांच्या पडद्यांसकट. बाजेवर पडून राहीन, आणि ढगांनी कृपा केली तर त्या कोरी पोटावर येऊ देईन. पुसणार नाही. पोराला सांगेन, बघ, हा सूर्य आहे. तुझ्या आजीनं हा असाच हातावर घेतला होता.

आणि उद्या त्याला किंवा तिला चष्मा लागलाच, तर लागू दे. दुकानात मी आहेच. चांगली फ्रेम बघून देईन. पण कोणी काही सोडणार नाही.

आता शेवटचं. तू नवस बोललीस तो माझ्या डोळ्यांसाठी. डोळे माझे, तर तो फेडायचा हक्कही माझाच. मी कानबाईला आत्ता मनातल्या मनात सांगितलं, झालं, पावलं, माझ्या आईला मोकळी कर. ती नाही म्हणाली नाही.

निखारे अजून आहेत. तुझी रसाची वाटी मी फ्रीजमध्ये ठेवली होती, ती काढलीय. तूप घातलंय, तुला पूर्वी आवडायचं तसं, असं नाना सांगत होते. ती आता तुझ्या पानावर ठेवते आणि आगारी टाकते. नाना उठून उभे राहिलेत, दारातून बघतायत, पण या वेळी वाटी हलवायला पुढे येत नाहीयेत.

खा, आई. पोटभर खा.

तुझी,
चष्मेवाली वैशू